पाव फेरा

मत्राहच्या बाजारामागे, जिथे लोबानाचा धूर संपतो
आणि वंगणाचा वास लागतो, तिथे माझं टेबल.
वर अरबी पाटी आहे, मला वाचता येत नाही.
हैथम म्हणतो, तिच्यातला एक नुक्ता उडालाय.
तरी गिऱ्हाईक येतं.

त्याच्याच आजीचं मशीन.
हाताने फिरवायचं, काळं,
सोनेरी वेल फक्त मानेखाली उरलेली,
जिथे कुणाचा तळवा पोचत नाही.
गाडीत पुढच्या सीटवर बसवून आणलं होतं, पट्टा लावून.

चाक हलेना.
मी आधी जोर लावत नाही.
जोर लावणाऱ्यांनी मोडलेल्या भागांचा
माझ्याकडे एक आख्खा डबा आहे.
मी आधी वास घेतो.
खोबरेल.
वर्षानुवर्षं कुणी मायेनं घातलेलं,
आत डिंक होऊन बसलेलं.
लांज्याला माझ्या आईनंही हेच केलं होतं,
आणि वर विचारलं होतं,
केसांना चालतं, मग ह्याला काय झालं?

रात्रभर रॉकेल, प्रत्येक भोकात थेंब थेंब.
एसीचं पाणी बादलीत पडत होतं, त्याच्याच चालीवर.
सकाळी चाक एवढंसं हललं.

दाते काढले, तर खाली धाग्यांच्या तुसाची वडी.
चिमट्याने अलगद सोडवली:
वर पांढरं, दिशदाशांचं,
मग काळं, बरंच जाड, एखाद्या सबंध वर्षाचं,
मग जांभळं,
आणि तळाशी जरीची एकच तार.
विचारलं नाही काही.
कागदात बांधून खणात ठेवली.

शटल होडीच्या आकाराचं.
गोल बॉबिनची मशिनं मी झोपेतही उघडीन,
पण ही होडी हातात आली
की दिवा जवळ ओढतो.
टोकाला चरा होता, दोरा तिथेच तुटायचा.
पॉलिश पेपर, मग फडकं, मग नुसता अंगठा.
अंगठ्याला काही लागेना, तेव्हा थांबलो.

राहिली ती खडखड.
मुठीच्या गियरची पिन झिजलेली,
दर फेऱ्याला एकदा: टक्.
पातळ पत्र्याची चकती कापली, घातली, आवळली.
आता मशीन असं चालायचं, की दोराच तेवढा ऐकू यावा.
आठ रियाल सांगितले,
आणि वाटलं, बारा सांगायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी मशीन परत,
ह्या वेळी आजीसकट.
जुवैना नाव. डोळ्यांत दूध सांडल्यासारखं.
तिनं मुठीला हात घातला,
एक फेरा, दोन फेरे.
"हे माझं नाही."
"तेच आहे आजी, बघ ना," हैथम म्हणाला,
आणि स्वतःच्या शब्दाला ओशाळला.

मग तिनं सांगितलं, थोडं अरबीत, थोडं हिंदीत,
जास्त बोटांनी:
बाही साठ टक्.
गळा चव्वेचाळीस.
मनगट अठ्ठावीस, बारक्याचं वीस.
"आता थांबू कुठे?"

मी चकती काढली.
नीट चालणारं यंत्र बिघडवायला बसलो,
तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि हात चालेनात.
फार ढिलं झालं, ती म्हणाली, हे भांडण आहे.
आवळलं, ती म्हणाली, हे झोपलंय.
पाव फेरा मागे.
टक्.
तिची हनुवटी जराशी हलली.
टक्.
ओठ मोजू लागले.

जाताना तेलाची पांढरी बाटली दिली, खोबरेल नको म्हटलं.
तिनं हुंगली, वास नाही म्हणून नाक मुरडलं.
आई आठवली, पण ते जाऊ दे.

बिलबुकात आधीच लिहिलं होतं:
आवाज काढला.
खोडायला पेन उघडलं,
आणि तसंच राहू दिलं.